एका दाढेला एक तास का लागतो?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"स. न. वि. वि. माझे वय ५२ आहे. उजवीकडच्या खालच्या दाढेत वीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी एका कोपऱ्यात तुटली, म्हणून गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी ती काढून पांढरे सिमेंट भरले. पूर्वी चांदी भरायला पंधरा मिनिटे लागली होती, या वेळी जवळजवळ एक तास गेला. तोंडावर रबराचा पडदा ताणला, दाढेला निळे औषध लावून धुतले, मग थोडे थोडे सिमेंट भरून दर वेळी निळा लेसर दाखवला. पैसेही दुपटीहून अधिक घेतले. हे सगळे खरोखर आवश्यक होते की नुसता देखावा? बिलावर 'कॉम्पोझिट रेझिन' असे लिहिले आहे. मुलगा म्हणतो की हे प्लास्टिक आहे आणि त्यातून बिस्फेनॉल नावाचे रसायन सुटते. थंड पाण्याने अजून कळ येते, आणि तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकते असे वाटते. आमच्या घरच्या हळदीच्या जेवणाने हे सिमेंट पिवळे पडेल का? डावीकडेही अशीच जुनी चांदी आहे. ती काहीच त्रास देत नाही, तरीही काढून टाकावी का? — एक वाचक, सांगली."

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील एका वाक्याचे उत्तर थांबू शकत नाही, म्हणून ते आधी देतो. तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकत असेल, तर पुढचे वाचण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून वेळ घ्यावी. भूल दिलेली असताना आपले वरचे-खालचे दात नेमके कसे जुळतात हे रुग्णाला समजत नाही. त्यामुळे भरावाची केसभर उंची लक्षात न येता राहून जाते आणि प्रत्येक घासाला त्या एकाच दाढेवर मार बसत राहतो. रंगीत कागद चाववून उंच जागा शोधायची आणि तेवढीच घासून काढायची, हे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. त्यात डॉक्टरांची मोठी चूक झाली असे समजू नये. माझ्या स्वतःच्या हातूनही असे घडते, आणि दोन दिवसांनी येऊन सांगणारा रुग्ण मला सहन करत बसणाऱ्या रुग्णापेक्षा अधिक आवडतो.

आता त्या एका तासाचा हिशेब मांडतो. पारा आणि चांदी, कथील, तांबे यांच्या मिश्रधातूची भुकटी घोटून जो गोळा होतो (त्यालाच आपण चांदी म्हणता), तो खड्ड्यात दाबून बसवला की पुढे आपोआप घट्ट होतो. खड्डा तळाशी किंचित रुंद कोरलेला असल्यामुळे तो अडकून राहतो, आणि थोडी लाळ लागली तरी फारसे बिघडत नाही. कॉम्पोझिटची गोष्ट उलटी आहे. कारखान्यातून येते ती अर्धी तयार लगदी. तिचे उरलेले रसायनशास्त्र आपल्या दाढेत, ओल्या तोंडात, डॉक्टरांच्या हाताखाली पूर्ण व्हावे लागते. ते नीट पूर्ण झाले की नाही हे बाहेरून पाहून सांगता येत नाही, कारण नीट न घडलेले कॉम्पोझिटही पहिल्या दिवशी तितकेच पांढरे आणि गुळगुळीत दिसते. म्हणून आपण ज्याला देखावा म्हणता, त्यातील जवळजवळ प्रत्येक पायरी माझ्या दृष्टीने या पदार्थाच्या घटनेतूनच येते.

आपल्याकडे दातात भरलेल्या कोणत्याही वस्तूला लोक सिमेंट म्हणतात. दंतवैद्यकात सिमेंट म्हणजे निराळे पदार्थ, तरीही स्लॅबचे काँक्रीट डोळ्यांसमोर आणले तर कॉम्पोझिट समजायला सोपे जाते. काँक्रीटमध्ये खडी आणि वाळू भार घेतात, सिमेंट त्यांना धरून ठेवते. कॉम्पोझिटमध्ये खडी-वाळूच्या जागी काचेचे, सिलिकाचे किंवा झिर्कोनियाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि धरून ठेवणाऱ्या सिमेंटच्या जागी रेझिन, म्हणजे रेणू एकमेकांना जोडले गेले की घट्ट होणारे चिकट प्लास्टिकसारखे द्रव्य, असते. दाढेसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या कॉम्पोझिटमध्ये वजनाने ७० ते ८० टक्के भाग या कणांचाच असतो. तेव्हा 'हे प्लास्टिक आहे' हे आपल्या मुलाचे म्हणणे सोळा आणे नव्हे, पण चार-पाच आणे खरे आहे.

या कल्पनेचे श्रेय अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत संशोधन करणारे दंतवैद्य राफेल बोवेन यांना जाते. त्यांच्या आधी दाताच्या रंगाचे भराव म्हणून सिलिकेट सिमेंट वापरत, ते लाळेत हळूहळू विरघळत असे. पुढे ॲक्रिलिक आले, पण ते घट्ट होताना इतके आकसत असे की कडेने फट पडून आत पुन्हा कीड लागे. बोवेन यांनी आधी इपॉक्सी रेझिनमध्ये क्वार्ट्झची पूड मिसळून पाहिली, मात्र ते घट्ट व्हायला फार वेळ लागत असे. मग त्यांनी इपॉक्सीचा भारदस्त कणा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना झटपट जोडले जाणारे मेथाक्रिलेटचे गट बसवले आणि बिस-जीएमए हा रेणू तयार झाला. १९६२ साली त्याचे पेटंट मिळाले. रेणू मोठा असल्यामुळे तेवढ्याच जागेत सांधे कमी पडतात, म्हणून आकसणे कमी होते. आणि सांधण्याची टोके दोन असल्यामुळे नुसती साखळी न बनता जाळे बनते, म्हणून पदार्थ कणखर होतो. आज बाजारात असलेल्या कितीतरी कॉम्पोझिटमध्ये हाच रेणू किंवा त्याची भावंडे असतात.

बिस-जीएमएची अडचण अशी की तो थंडीतल्या काकवीपेक्षाही घट्ट असतो आणि त्यात पुरेशी काच कालवता येत नाही. म्हणून टीईजीडीएमए नावाचा लहान, पातळ रेणू मिसळून त्याला सैल करावे लागते. पण लहान रेणू वाढवले की आकसणे वाढते आणि पाणी शोषण्याची प्रवृत्तीही वाढते. यूडीएमए, बिस-ईएमए हे इतर रेणू घालून उत्पादक हा तोल आपापल्या परीने साधतात. एका गुणासाठी दुसऱ्या गुणाची किंमत मोजावी लागते, हे या पदार्थात पावलोपावली दिसते.

कणांचेही तसेच आहे. सुरुवातीच्या कॉम्पोझिटमधील कण १० ते ५० मायक्रोमीटरपर्यंत असत. चावून चावून वरचे रेझिन झिजले की डांबर उडालेल्या रस्त्यावर खडी उघडी पडावी तसे ते वर येत, पृष्ठभाग खरखरीत होई आणि त्यावर चहाचे डाग बसत. नंतर ०.०४ मायक्रोमीटरचे कण आले. त्यांना काचेसारखी झिलई येई, परंतु कण इतके बारीक असले की रेझिन त्यांच्या पृष्ठभागावर पसरण्यातच खर्ची पडते, फार कण घालता येत नाहीत, आणि मग दाढेवरचा दाब सोसण्याइतकी ताकद राहत नाही. गवंडी जसा खडीबरोबर वाळू घालून मधल्या पोकळ्या भरतो, तसे निरनिराळ्या मापांचे कण एकत्र करून हायब्रिड प्रकार तयार झाला. सध्याचे मायक्रोहायब्रिड आणि नॅनो प्रकार त्याच वाटेवर पुढे आलेले आहेत. काचेत बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम असते ते एक्स-रेसाठी, कारण भराव एक्स-रेत पांढरा दिसला तरच त्याच्या कडेला लागलेली नवी कीड काळी उठून दिसते.

काँक्रीटचा दृष्टान्त एका ठिकाणी अपुरा पडतो. रेझिन तेलकट स्वभावाचे आणि काच पाण्याशी सलगी करणारी, त्यामुळे ही दोन्ही एकमेकांना आपण होऊन धरत नाहीत. म्हणून प्रत्येक कणावर सिलेन या द्रव्याचा पातळ लेप देतात. त्याचे एक टोक काचेशी जोडले जाते आणि दुसरे रेझिनच्या जाळ्यात विणले जाते. हा लेप नसता तर चावण्याचा भार रेझिनकडून काचेकडे गेलाच नसता आणि कणांच्या कडेकडेने पाणी शिरून भराव आतून सैल होत गेला असता.

आपण ज्याला लेसर म्हणता तो लेसर नसून एलईडीचा निळा प्रकाश आहे. दवाखान्याच्या पाटीवर 'लेसर फिलिंग' लिहिलेले मीही पाहिले आहे, आणि दर वेळी मनातल्या मनात ते खोडून टाकले आहे. लगदीत कॅम्फरक्विनोन नावाचे पिवळे द्रव्य अल्प प्रमाणात असते. साधारण ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ते शोषून घेते, सोबतच्या अमाइनच्या मदतीने क्रियाशील तुकडे तयार करते आणि तिथून रेणूंची सांधाजोड सुरू होते. ही लगदी काळ्या, अपारदर्शक सिरिंजमध्ये ठेवतात आणि भरताना डॉक्टर डोक्यावरचा दिवा बाजूला सारतात ते याचमुळे. दिव्याच्या प्रकाशातही ती हळूहळू घट्ट होऊ लागते. मी शिकत होतो तेव्हा दोन डब्यांतील दोन लगद्या कागदावर घोटून वापरण्याचा प्रकार अजून चालत असे. घोटताना हवेचे बुडबुडे शिरत, मिनिटा-दोन मिनिटांत सगळे आटपावे लागे, आणि काही वर्षांनी ते भराव पिवळे पडत. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या कॉम्पोझिटमुळे डॉक्टरांना दाताचा आकार निवांतपणे घडवण्याची मोकळीक मिळाली, ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी देणगी.

मात्र प्रकाश फार खोल जात नाही. वरचे काचकण तो विखरून टाकतात, गडद छटेत तो आणखी अडतो, आणि दिव्याचे टोक लांब राहिले तर झपाट्याने क्षीण होतो. म्हणून नेहमीचे कॉम्पोझिट एका वेळी २ मिलिमीटरपेक्षा जाड भरू नये असा नियम आहे, आणि प्रत्येक थराला त्या दिव्याच्या व पदार्थाच्या सूचनेप्रमाणे, बहुधा १० ते ४० सेकंद, प्रकाश द्यावा लागतो. अलीकडे 'बल्क फिल' नावाचे प्रकार ४ मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येतील असे बनवलेले असतात. ते वापरल्यास वेळ वाचतो. पण साधे कॉम्पोझिट घाईने एकदम भरले, तर वर दगडासारखे कठीण आणि तळाशी कच्चे असा भराव तयार होतो. नीट प्रकाश दिला तरीही सगळेच सांधे जुळतात असे नाही: रेणूंच्या टोकांशी असलेल्या, सांधाजोड करणाऱ्या दुहेरी बंधांपैकी साधारण ५० ते ७५ टक्के जुळतात आणि बाकीचे जाळ्यात अडकून पडतात. जितके कमी जुळतील, तितकी झीज, पाणी शोषणे आणि सुटे रेणू बाहेर पडणे वाढते.

थर देण्याचे दुसरे कारण आकसण्याचे आहे, आणि आपली थंड पाण्याची कळ कदाचित त्याच्याशी निगडित आहे. सुटे रेणू परस्परांपासून जितके दूर असतात त्यापेक्षा सांधलेले रेणू जवळ येतात, त्यामुळे घट्ट होताना कॉम्पोझिटचे आकारमान साधारण २ ते ३ टक्क्यांनी घटते. हाताच्या तळव्यावर हे घडले असते तर कोणाला कळलेही नसते. दाढेच्या खड्ड्यात मात्र चार भिंती आणि एक तळ अशा पाच बाजूंना लगदी चिकटलेली असते आणि मोकळी बाजू एकच, त्यामुळे आकसण्याची ओढ भिंतींवर येते. चिकटलेल्या आणि मोकळ्या बाजूंचे हे गुणोत्तर जितके जास्त तितका ताण जास्त, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले. ताणाने दाढेची टोके किंचित आत ओढली जातात किंवा तळाशी सूक्ष्म फट पडते. इनॅमल या दाताच्या कठीण बाह्य थराखाली असलेल्या डेंटिन या थरामध्ये प्रत्येक चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्यांतील द्रव थंडीने किंवा चावण्याने हलला की आत नस असलेल्या गाभ्याला कळ जाणवते. तिरपे लहान थर, प्रत्येक थर एक-दोन भिंतींनाच टेकलेला, ही या ताणावरची जुनी आणि कष्टाची युक्ती आहे.

निळे औषध म्हणजे ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल होती. धातूवर रंग धरावा म्हणून कारखान्यांत आम्ल वापरतात, ही गोष्ट अमेरिकेतील मायकल बुओनोकोर यांनी दाताला लागू केली आणि १९५५ साली आम्ल लावलेल्या इनॅमलला रेझिन अधिक घट्ट चिकटते असे प्रसिद्ध केले. आम्लामुळे इनॅमलवर सूक्ष्म खाचा पडतात, त्यांत पातळ रेझिन शिरून घट्ट होते. डेंटिनचे काम अवघड, कारण त्यात पाणीही असते आणि कोलॅजन या प्रथिनाचे धागेही. त्या धाग्यांत रेझिन मुरून एक मिश्र थर तयार होतो, हे जपानचे नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवले. डेंटिन फार सुकवले तर धागे कोसळून बसतात, फार ओले ठेवले तर रेझिन मुरत नाही. आणि आम्ल लावलेल्या पृष्ठभागावर लाळेचा एक थेंब आला, तर आधीचे सगळे पुन्हा करावे लागते. आपल्याला गैरसोयीचा वाटलेला रबराचा पडदा त्यासाठी होता. खालच्या दाढेजवळ एका बाजूला जीभ आणि दुसऱ्या बाजूला गाल असताना, तो न वापरता कोरडेपणा राखणे किती कठीण असते हे करून पाहिल्यावरच कळते. आपल्या डॉक्टरांनी तो लावला, यावरून मला त्यांच्याविषयी चांगलेच मत झाले.

लवंगेच्या तेलाविषयी जाता जाता एक सूचना करतो. त्यातील युजेनॉल ठणका शमवते, पण रेझिनची सांधाजोड रोखते. दाढ भरायला जाण्यापूर्वी कोणी लवंगेचे तेल लावले असेल, किंवा युजेनॉल असलेले तात्पुरते सिमेंट आधी भरलेले असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आपल्या कळेबद्दल आता स्पष्ट सांगता येईल. थंड लागताच येणारी आणि लगेच थांबणारी कळ जुनी मोठी चांदी काढल्यानंतर काही दिवस, कधी दोन-चार आठवडेही राहू शकते, आणि ती दिवसेंदिवस कमी होत असेल तर वाट पाहावी. दाढेची उंची घासून दिल्यावर ती बहुधा लवकर ओसरेल. चावून सोडताना तीव्र कळ येत राहिली, तर दाढेला तडा आहे का किंवा तळाशी चिकटणे फसले आहे का हे पाहून भराव पुन्हा करावा लागू शकतो. गरम पदार्थाने ठणका लागून तो बराच वेळ राहत असेल, किंवा रात्री काही कारण नसताना झोपमोड होत असेल, तर आतील नस सुजली आहे असे समजून विलंब न करता जावे. मग प्रश्न भरावाचा न राहता रूट कॅनालचा होतो.

बिस्फेनॉलचा प्रश्न आपल्या मुलाने उगाच काढलेला नाही. बिस-जीएमए तयार करताना बिस्फेनॉल-ए हा कच्चा माल असतो, पण तयार रेणूत तो पक्का बांधलेला असतो आणि लाळेने सहसा सुटत नाही. बिस-डीएमए या दुसऱ्या एका रेणूचे मात्र लाळेतील विकरांमुळे विघटन होऊन बिस्फेनॉल-ए सुटू शकते, आणि कच्च्या मालाचे अत्यल्प अवशेषही कधी उरतात. भराव केल्यानंतर पहिल्या काही तासांत लाळेत त्याचे अल्प प्रमाण आढळते आणि नंतर ते उतरते. हवेतील ऑक्सिजनमुळे सर्वांत वरचा पातळ थर कच्चाच राहतो; तो घासून, पॉलिश करून काढला आणि रुग्णाने लगेच चूळ भरून थुंकली की बराच अंश तिथेच निघून जातो. आपल्या एका दाढेसाठी मी काळजी करणार नाही. गरोदर स्त्रीच्या बाबतीत, थांबता येण्याजोगे काम असेल तर मी पुढे ढकलतो. मात्र कीड वेदना देत असेल तर ढकलत नाही.

हळदीचे उत्तर होय असे आहे, पण दाढेपुरते ते बिनमहत्त्वाचे आहे. रेझिन थोडे पाणी शोषते आणि पाण्याबरोबर रंगही. हळद, चहा, कॉफी, तंबाखू हे सगळे त्यात आले. चांगली झिलई दिलेला भराव कमी डागतो आणि वरवरचा डाग पुन्हा पॉलिश करून निघतो. मिशरी लावण्याची सवय असेल तर ती डागही पाडते आणि घासून झिलईही घालवते, त्यामुळे ती सोडावी, आणि त्याला भरावापेक्षा कितीतरी मोठी कारणे आहेत. कडेने तपकिरी रेघ दिसू लागली, तर तो नुसता डाग आहे की फट, हे तपासून घ्यावे.

हे किती वर्षे टिकेल, हे आपण विचारले नाही, तरी पैशांच्या प्रश्नात ते दडलेले आहे. दाढेतील कॉम्पोझिट दरवर्षी शंभरात साधारण एक ते तीन या वेगाने निकामी होतात, मुख्यतः कडेला नवी कीड लागल्यामुळे किंवा भराव अथवा दाढ तुटल्यामुळे. खूप मोठ्या खड्ड्यांत आणि वारंवार कीड लागणाऱ्या तोंडात चांदी अधिक टिकते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. तापमानानुसार कॉम्पोझिट दाताच्या दोन ते चार पट प्रसरण पावते आणि हिरडीखाली, जिथे इनॅमल नसते, तिथे त्याची पकड दुबळी असते. उलट बाजूला हेही आहे की खड्डा अडकणीसाठी मोठा कोरावा लागत नाही, निरोगी दात वाचतो, आणि एखादा कोपरा तुटला तर सगळे न काढता तेवढीच दुरुस्ती करता येते. दुप्पट पैसे यांतील पदार्थासाठी थोडे आणि खुर्चीतील वेळेसाठी अधिक असतात.

राहिली डावीकडची चांदी. तिच्यात वजनाने सुमारे निम्मा पारा आहे, आणि पर्यावरणात जाणारा पारा कमी करण्यासाठी झालेल्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली आहे; युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून दातांत नवी चांदी भरणे, अगदी मोजके वैद्यकीय अपवाद सोडून, थांबवले आहे. परंतु हे सगळे नव्या भरावांविषयी आहे. चांगल्या स्थितीतील जुनी चांदी काढताना, ती तोंडात राहून जितकी वाफ सोडते त्यापेक्षा अधिक पाऱ्याची वाफ थोड्या वेळात निघते, शिवाय सभोवतीचा निरोगी दातही थोडा जातो. त्यामुळे भराव शाबूत असेल आणि पाऱ्याची ॲलर्जी नसेल तर तो काढू नये, असाच सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२० साली दिला. उंची घासायला जाल तेव्हा त्या डाव्या दाढेचाही एक एक्स-रे काढून घ्यावा. कडेला कीड किंवा तडा दिसला नाही, तर तिला आहे तशी राहू द्यावे.